आजोबांच्या फ्लेक्सवर 'व्हिक्टोरिया क्रॉस' छापलाय, बाराव्याच्या आत काय करता येईल? (बेळगाव पश्चिम भाग)

रताळ्याची_वेल

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा गेल्या गुरुवारी गेले. दुसऱ्या महायुद्धातले होते, मराठा लाइट इन्फंट्री, जंगी पलटण, हवालदार म्हणून निवृत्त. कागदावर वय नव्व्याण्णव, शंभरला चार महिने कमी. खरं वय दोनेक वर्षांनी कमीच असणार कारण १९४३ ला गावातल्या तिघांबरोबर चालत बेळगावला भरतीला गेले तेव्हा सोळाचे होते आणि साहेबाला अठरा सांगितलं, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, काही लपवाछपवी नाही. नोकरी १९ वर्षं आणि पेन्शन ६२ वर्षं खाल्ली असं म्हणून हसायचे.

आता मुद्दा. गावातल्या मंडळाच्या पोरांनी प्रेमानं मोठा फ्लेक्स लावलाय वेशीवर. आजोबांचा फोटो चांगला आलाय पण खाली लिहिलंय 'व्हिक्टोरिया क्रॉस विजेते, दुसऱ्या महायुद्धाचे महानायक' आणि मागं जे जवान दाखवलेत त्यांच्या हातात आत्ताच्या रायफली आणि अंगावर डिजिटल छपाईचा युनिफॉर्म, कारगिलच्याही नंतरचा. आजोबांनी बघितला असता तर पहिलं विचारलं असतं की पैसे किती गेले.

बाराव्याला गावात शोकसभा आहे, त्यात जीवनपट वाचायचं काम माझ्याकडं आलंय कारण मी पुण्यात आयटीत आहे म्हणजे मला लिहिता येतं असा घरच्यांचा समज. काका म्हणतात असू दे की क्रॉस, मेल्या माणसाचं चांगलंच बोलतात, कोण तपासायला येतंय. मला ते पटत नाही. पदकं घरात आहेत, देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी ठेवलेली, आजी सणाला टाकांबरोबर तीही चिंचेनं घासायची त्यामुळं धातू लखलखीत आणि फीत पार विटलेली. दोन चांदण्या आहेत आणि बाकी गोल. नक्की काय काय आहे ते कसं ओळखायचं? आणि इटलीत ही पलटण कुठं होती, कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. ते 'सेनियो' असं एका नदीचं नाव घ्यायचे.

कुंदा_विथ_चहा

भावपूर्ण श्रद्धांजली. असे लोक आता राहिले नाहीत.

कॅम्पातला_निवृत्त

ताई, प्रथम तुमच्या आजोबांना सलाम. मी त्याच रेजिमेंटचा, पण फार नंतरचा.

ओळखायला सोपं आहे. चांदण्या म्हणताय त्या सहा टोकांच्या पिवळ्या धातूच्या असतील. मधल्या गोलात राजाचं चिन्ह आणि त्याच्याभोवती इंग्रजीत नावच कोरलेलं असतं, भिंग घेऊन वाचा. एक '१९३९-४५ स्टार' असेल, दुसरा 'इटली स्टार'. इटली स्टारची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशा पाच सारख्या पट्ट्यांची, शिवणीच्या आतल्या बाजूला अजून रंग सापडेल बघा. गोल आहे त्यातलं एक युद्धपदक असणार, एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला सिंह. आणि ४८ ला काश्मिरात असतील तर त्याचं वेगळं.

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काळपट ब्राँझचा क्रूस, त्यावर 'फॉर व्हॅलर' लिहिलेलं असतं. चांदणी म्हणजे क्रॉस नव्हे. चांदणी त्या त्या मोर्चावर लढाईच्या भागात नियमात बसेल तेवढी सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळाली. ती काही कमी नाही ओ, पण ते वेगळं आणि हे वेगळं.

महायुद्धात आपल्या रेजिमेंटला दोनच व्हिक्टोरिया क्रॉस आहेत आणि दोन्ही इटलीतलेच. नाईक यशवंत घाडगे, तिसरी पलटण, १० जुलै १९४४, ते तिथंच पडले. आणि शिपाई नामदेव जाधव, पहिली म्हणजे जंगी पलटण, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. म्हणजे तुमच्या आजोबांचीच पलटण आणि त्यांनी नाव घेतलेलीच नदी. पोरांनी कुठंतरी नेटवर हे वाचून जोडून टाकलं असणार.

हिंडलगा_एक्सप्रेस

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. फ्लेक्स आहे तो, गॅझेट नाही. दहा दिवसांनी ऊन लागून जाईल नाहीतर कुणीतरी भाताच्या गंजीवर घालायला नेईल. त्या पोरांनी वर्गणी काढून केलंय, त्यांना बोलून दाखवलं की पुढच्या वेळी कोण पुढं येणार? शिवाय म्हातारा लढला हे तर खरंच ना. एक पदक इकडचं तिकडं झालं.

जंगी_नातू

@हिंडलगा_एक्सप्रेस पदक इकडचं तिकडं?? अहो तो क्रॉस ज्याचा आहे त्याचं नाव गाव सगळं नोंदलेलं आहे. नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. त्या दिवशी दुपारभर विमानांनी आणि तोफांनी नदीपलीकडं भाजून काढलं आणि संध्याकाळी पलटण पाण्यात उतरली. पलीकडच्या बांधावर सुरुंग पेरलेले आणि मशिनगना. यांच्या तुकडीतली जवळजवळ सगळी पडली. ह्यांनी जखमी कंपनी कमांडरला पाठीवर घेऊन नदी ओलांडून अलीकडं आणलं, परत गेले, दुसऱ्या जखमीला आणलं, आणि मग एकटे टॉमीगन घेऊन मशिनगनच्या ठाण्यांवर गेले, हाताला गोळी लागून गन टाकावी लागली तर हातगोळे फेकून ती ठाणी बंद केली. नंतर बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करून मागच्यांना वर बोलावलं. हे सगळं त्यांच्या सन्मानपत्रात आहे.

आता हे काम एका माणसानं केलं आणि आपण फ्लेक्सवर दुसऱ्याच्या नावावर टाकलं तर आपणच त्याचं काढून घेतलं की. आणि ज्याच्या नावावर टाकलं त्याचं जे खरं होतं ते पण गेलं, कारण उद्या कुणी एकानं यादी तपासली की म्हणणार बेळगावकडचे लोक खोटं लिहितात, हा म्हातारा लढायला तरी गेला होता काय.

रताळ्याची_वेल

@कॅम्पातला_निवृत्त खूप आभार. भिंग घेऊन वाचलं, अगदी तुम्ही म्हणालात तसंच आहे, दोन्ही चांदण्यांवर नाव आहे. सिंहवालं पण आहे.

@जंगी_नातू तुमचं वाचून काकांना वाचून दाखवलं. ते गप्प बसले, म्हणजे अर्धं काम झालं.

आजोबा त्या रात्रीबद्दल जे सांगायचे ते असं. नदी आपल्या मार्कंडेयपेक्षा बारकी, पण दोन्हीकडचे मातीचे बांध दुमजली घराएवढे उंच, त्यामुळं अलीकडून पाणी दिसायचंच नाही, बांधावर डोकं काढलं की गेलं. विमानं इतकी आली की जमीन सारखी हलत होती आणि त्यांच्या शेजारचा एक जण त्या हलण्यानंच ओकला. त्यांना स्वतःला गोळी चालवायची वेळ त्या रात्री आलीच नाही म्हणे, दारूगोळ्याच्या पेट्या खांद्यावरून पलीकडं पोचवायचं काम होतं आणि पाण्यात पाय घसरून पेटी जाईल ह्याचीच भीती, कारण पेटी गेली तर हवालदार मारेल. जर्मनाची भीती दुसरी.

नामदेव जाधवांचं नाव त्यांनी नंतर ऐकलं. गावात कुणी विचारलं की तुम्ही बघितला काय हो त्यांना, तर उत्तर ठरलेलं, "अंधारात कोण कुणाला बघतंय गा."

त्याच्या आधीचा हिवाळा मात्र ते तासभर सांगायचे. डोंगरात बर्फ, खेचरांवरून आटा आणि डाळ वर यायची, आणि खेचर घसरलं की आधी पोतं वाचवायचं का खेचर ह्यावर भांडणं. लढाईपेक्षा त्यांना खेचरं जास्त लक्षात. एकाचं नाव पण होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जंगी_नातू

जुळतंय. ८ वी इंडियन डिव्हिजन, त्यात जंगी पलटण. ४४ च्या डिसेंबरात ती डिव्हिजन सेर्किओ खोऱ्यात घाईनं पाठवली होती, डोंगराळ भाग, आणि मग एप्रिलला खाली सेनियोवर. आजोबा ४४ च्या शेवटी रिइन्फोर्समेंटमधून पोचले असणार.

आणि ते पेटीचं लिहाच जीवनपटात. पेट्या पोचल्या नसत्या तर पलीकडच्यांनी काय दगडं मारली असती काय.

खानापूरकरीण

हे वाचून आमचे पणजोबा आठवले. ते दुसऱ्या पलटणीत, काळी पाचवी म्हणतात ती. जून १९४२ ला लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा जवळजवळ अख्खी पलटण कैद झाली, त्यात हे. मग इटलीच्या कैदी छावणीत. ४३ च्या सप्टेंबरात इटलीनं शरणागती पत्करल्यावर पहारेकरी पळाले आणि हे पण पळाले, डोंगरात एका मेंढपाळाच्या घरी राहिले म्हणे. तीन वर्षांनी घरी आले तोवर इकडं त्यांचे दिवस घालून झाले होते. म्हणजे श्राद्ध जेवून झालं होतं लोकांचं, आणि माणूस दारात. पणजी शेवटपर्यंत म्हणायची की त्या जेवणाचा खर्च ह्यांच्या पगारातून कापा.

पण सांगायचं ते वेगळंच. ४६ ला घरी पाठवलं, हातात थोडे पैसे दिले आणि संपलं. पेन्शन नाही कारण पंधरा वर्षं भरली नाहीत. आयुष्यभर जंगलात कंत्राटदाराकडं लाकूडतोड केली. रताळ्याची_वेल, तुमच्या आजोबांनी नोकरी पुढं चालू ठेवली हे किती शहाणपणाचं होतं ते तेव्हा कुणाला कळलं नसेल. दोघंही इटलीत, एकाच रेजिमेंटचे, एक जण पेन्शनवर पोरं शिकवतो आणि दुसऱ्याची पोरं करवत ओढतात. आमच्याकडं फ्लेक्स पण लागला नाही. पदकं मागवायला अर्ज करावा लागतो हेच माहीत नव्हतं, कधी आलीच नाहीत.

निपाणीचा_तंबाखू

@खानापूरकरीण वाईट वाटलं. आमच्याकडं पण असे दोघं होते, तंबाखूच्या वखारीत हमाली करत गेले.

एक विचारतो, ते शंभरला पेन्शन डबल होते म्हणतात ते खरं काय? म्हणजे चार महिन्यांसाठी गेलं काय आजोबांचं?

कॅम्पातला_निवृत्त

खरं आहे. ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जास्त, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरला १०० टक्के. मूळ पेन्शनवर हं, त्यावर परत महागाई भत्ता. आणि वय रेकॉर्डमधलं धरतात, आईनं सांगितलेलं नाही. म्हणून त्या काळी ज्यांनी वय वाढवून सांगितलं त्यांना म्हातारपणी दोन वर्षं आधी मिळालं, आणि ज्यांचं मास्तरानं कमी लिहिलं ते बसले वाट बघत.

रताळ्याची_वेल

हो ना!! ते शंभरीची वाट बघतच होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला करायला नेलं तर बोटांचे ठसे मशीन घेईना, नांगर धरून धरून रेषाच पुसल्यात. काउंटरवरच्या पोरानं विचारलं आजोबा दुसरं बोट द्या, तर म्हणाले, "सगळी दहा देतो, पण जुलैपर्यंत जिवंत धर मला." पूर्ण ऑफिस हसलं. शेवटी डोळ्यावरून झालं.

आणि एक गोष्ट, ह्याबद्दल कुणाला माहीत असेल तर सांगा. आजोबांना देवनागरी धड लिहिता यायचं नाही. शाळेत गेलेच नव्हते, पलटणीत शिकले आणि तिथं इंग्रजी अक्षरांत हिंदुस्तानी शिकवायचे. त्यामुळं ते मराठी पण इंग्रजी अक्षरातच लिहायचे. इटलीहून त्यांनी आईला पत्र पाठवलं तर गावच्या मास्तरलाच ते वाचता येईना, शेवटी पणजी पत्र घेऊन चालत बेळगावला कॅम्पात गेली आणि तिथल्या एका कारकुनाकडून वाचून घेतलं. पत्रात काय, तर मी बरा आहे, इथं थंडी आहे, पांढऱ्या बैलाचं काय झालं.

त्यांच्या शेताच्या वह्या आहेत ट्रंकेत, १९६३ पासूनच्या. भात किती पोती, रताळी किती, बटाट्याचं बी कुणाकडून, गडी किती आणि कुणाला रमची बाटली दिली, सगळं इंग्रजी अक्षरात तिरकं तिरकं. (स्वतः पीत नव्हते, कँटीनची रम लावणीच्या वेळी गड्यांना आणि एकदा म्हशीला.) गंमत म्हणजे घरात व्हॉट्सॲप आलं तेव्हा पोरांचे ते 'केव्हा येणार', 'जेवलास का' असले इंग्रजी अक्षरातले मेसेज आमच्या शिकलेल्या काकूला अडखळत वाचायला लागायचे आणि आजोबा नव्वदीत चष्मा लावून धडाधड वाचायचे. अख्ख्या पिढ्या फिरून जग परत त्यांच्या लिपीवर आलं.

जंगी_नातू

रोमन उर्दू म्हणायचे त्याला. परीक्षा असायच्या, पास झाल्याशिवाय नाईक हवालदार होता यायचं नाही. त्या वह्या टाकू नका!! पानं स्कॅन करून ठेवा. लढाईचं दहा पुस्तकांत सापडेल पण १९६३ ला आपल्या भागात बटाट्याचं बी काय भावानं होतं हे कुठं मिळणार.

हिंडलगा_एक्सप्रेस

हे म्हशीला रम मी फ्लेक्सवर टाकलं असतं.

बरं, गोव्याच्या वेळी आजोबा कुठं होते? आमचे वडील सांगायचे ६१ च्या डिसेंबरात अख्खं बेळगाव मिलिट्रीनं भरलेलं.

रताळ्याची_वेल

तेव्हा ते मराठा सेंटरलाच उस्ताद होते, रंगरुटांना कवायत शिकवायला. गोव्यात गेले नाहीत, त्याची त्यांना शेवटपर्यंत चुटपुट. घरापासून एवढ्या जवळची लढाई आणि मी इथं डावा उजवा करत बसलो म्हणायचे. सांबऱ्याहून सकाळी विमानं उडाली ती मात्र बघितली, रंगरूट पण लाइनीत उभे राहून वर बघायला लागले आणि यांनी त्यांना शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, स्वतः वर बघत बघत.

कॅम्पातला_निवृत्त

बरोबर. १८ डिसेंबर १९६१, हंटर विमानं सांबऱ्याहून जाऊन बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवून आली. १९ ला गोवा मोकळं. तिकडं जी २ पॅरा, म्हणजे छत्रीधारी पलटण, गेली ती मूळची आपली तिसरी पलटण, घाडगेंची. तीच पुढं ७१ च्या बांगलादेश युद्धात तिकडं टांगाईलला विमानातून उतरली. आणि आजोबांच्या जंगी पलटणीनं त्याच वेळी जमालपूर घेतलं. उस्तादांनी शिकवलेली काही पोरं त्यात असणारच.

सीमेवरचा_दगड

एक बघा, भरती झाले तेव्हा गाव मुंबई इलाख्यात, ५६ ला सुट्टीवर आले तेव्हा म्हैसूर राज्यात, आणि आता कर्नाटक. माणूस देशासाठी लढायला गेला आणि मागं त्याला न विचारता राज्य बदललं. जीवनपटात हे यायलाच पाहिजे आणि एक नोव्हेंबरला ते काळी फीत लावायचे का तेही लिहा.

कुंदा_विथ_चहा

झालं सुरू

धागा_राखणदार

सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, तिथं मनसोक्त लिहा. इथं एका घरचं सुतक चालू आहे.

कॅम्पातला_निवृत्त

वाद नको पण त्यातला एक मुद्दा कामाचा आहे. ताई, रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, मराठा एलआयचं. अर्ज करताना गावाचं नाव तालुका जिल्हा जुन्या पद्धतीनं पण लिहा, कारण त्यांच्या कागदावर जिल्हा बेळगाव, मुंबई असं असू शकतं. आर्मी नंबर महत्त्वाचा, डिस्चार्ज बुकवर मिळेल.

आणि आजी आहेत ना? मग शोकसभा राहू दे बाजूला, आधी बँकेला मृत्यू कळवा आणि पुढची पेन्शन थांबवा, नाहीतर जादा जमा झालेली नंतर वसूल करतात आणि आजींचं काम अडकतं. मग फॅमिली पेन्शन. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, आजींचं नाव आहे का बघा. जुन्या पीपीओवर बऱ्याच जणांचं नसतंच, किंवा माहेरचं नाव असतं. तसं असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती. जिल्हा सैनिक बोर्डात मदत करतात, तिथून सुरुवात करा. आजींना पण वयाप्रमाणे ते २०, ३० टक्के लागू आहे, स्वतःच्या वयावर.

खानापूरकरीण

आमच्या मावसआजीचं वय आधार आणि मतदार कार्डावर मान्य झालं, जन्मदाखला नव्हताच.

रताळ्याची_वेल

अपडेट देते. परवा बारावा झाला.

मंडळाच्या अध्यक्षाला (वय एकवीस) घरी बोलावलं, चहा दिला आणि भिंग हातात दिलं. त्यानं दोन्ही चांदण्या स्वतः वाचल्या. म्हटलं बाबा हे जे लिहिलंय तेच छाप. तो म्हणाला अक्का आधी सांगायचं ना, आम्हाला काय माहीत, पदक म्हटल्यावर डिझाइनवाल्यानंच टाकलं. संध्याकाळपर्यंत त्या ओळीवर दुसरी पट्टी चिकटवली, '१९३९-४५ स्टार, इटली स्टार, जंगी पलटण'. मागचे आधुनिक जवान राहिले. त्याला इलाज नव्हता, नवीन फ्लेक्सचे पैसे मागायची माझी हिंमत झाली नाही.

जीवनपटात पेट्यांचं लिहिलं, खेचराचं लिहिलं (नाव वगळून), पत्रातला पांढरा बैल लिहिला. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांची नावं घेऊन आजोबा त्याच रेजिमेंटचे एवढंच म्हटलं. गावातले तीन चार निवृत्त लोक पुढं बसले होते त्यांनी माना हलवल्या. काकांनी मात्र शेवटी माईक घेऊन सांगितलंच की आमच्या वडिलांनी जर्मनांना पळवून लावलं. जाऊ दे.

@खानापूरकरीण तुमच्या पणजोबांचा नंबर कुठल्या कागदावर असेल तर आमच्या अर्जाबरोबर तुमचाही अर्ज देऊया, मी रजा वाढवलीय. न घेतलेल्या पदकांचं पण विचारून येते.

आता आजीचं. पीपीओवर नाव आहे, नशीब. पण आधारवर जन्म १ जानेवारी १९३८ आणि मतदार कार्डावर १९३४. आजी म्हणते दोन्ही चूक. आधार दुरुस्त करून मग क्लेम टाकू का?

कॅम्पातला_निवृत्त

आत्ता आधारला हात लावू नका, ते बदललं की बँक, केवायसी सगळं परत करावं लागतं. आहे त्या आधारवर क्लेम टाका, नाव पीपीओशी जुळतंय ना ते अक्षरन् अक्षर बघा. १९३८ धरलं तरी ८५ झालेली आहेत, ३० टक्के बसतंय. वयाचं मागाहून बघू. सोमवारी दहाला सैनिक बोर्डाच्या बाहेर थांबा, मी येतो. डिस्चार्ज बुक, पीपीओ, मृत्यू दाखल्याच्या पाच प्रती आणि आजींचे फोटो. जॉइंट फोटो असला तर तोही.

खानापूरकरीण

मीही येते सोमवारी. नंबर एका जुन्या पत्राच्या पाकिटावर आहे, अर्धा उंदरानं खाल्लाय.